फक्त तुरटपणावर वाइन टिकत नाही

रविवार पुरवणीतील रेड वाइनवरील लेखात ‘जितकी तुरट, तितकी दीर्घायुषी’ असे विधान आहे. ते पटणारे नाही. तुरटपणा देणारे टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतले द्रव्य) वाइनला ऑक्सिजनपासून काही प्रमाणात राखते हे खरे, पण जाणकार समीक्षक त्याच्या प्रमाणाइतकाच त्याचा पोत पाहतात. पिकलेल्या सालींतले टॅनिन बारीक, मखमली लागते. कच्च्या बियांतले हिरड्या खरवडते. सोबत आम्लता हवी. सामू (pH; तो जितका जास्त, तितकी आम्लता कमी) साधारण ३.४ ते ३.७ असावा, त्यापुढे वाइन टिकवणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा प्रभाव घटतो आणि जिवाणूंना वाव मिळतो. आणि मुख्य म्हणजे फळाचा, म्हणजे फळाच्या चवीचा, गाभा हवा. घोट थुंकल्यावर चव किती सेकंद रेंगाळते, हे म्हणूनच पाहतात. मागे नुसती कोरड उरली, तर ती वाइन लांब पल्ल्याची नव्हे.

फ्रान्समधील बोर्दो या वाइन-प्रदेशाचा १९७५ चा हंगाम आठवावा. टॅनिन इतके कठोर, की अनेक बाटल्यांत ते मऊ होण्याआधी फळच विरून गेले. उलट १९८२ च्या वाइन तरुणपणीच मऊ आणि कमी आम्ल होत्या, त्यामुळे काही समीक्षकांना त्या टिकाऊ वाटल्या नाहीत. अमेरिकी वाइन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी मात्र त्यांतील फळाची घनता ओळखली, आणि त्यांतल्या उत्तम वाइन अनेक दशके टिकल्या.

आणखी एक. पिंपातील नमुन्याला समीक्षक शंभरपैकी ‘९४ ते ९६’ असा गुणांचा पल्ला देतात, कारण अंतिम मिश्रण आणि बाटलीबंदी बाकी असते. लेखात तो अंतिम गुण म्हणून छापला आहे. तेवढी दुरुस्ती व्हावी.

– एक वाचक