प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या औषधाबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईने फोनवर विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे फोनवर नीट देता येण्यासारखी नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. बाबा, तुम्हाला एका बैठकीत वाचून थकवा आला तर उरलेले आईकडून वाचून घ्या. पहिला प्रश्न असा, की बाबांना झालेला पक्षाघात हा आजार मेंदूचा असताना तिसऱ्या दिवशी न्युमोनिया छातीत कसा झाला, आणि त्या रात्री खोलीची खिडकी उघडी राहिली हे त्याचे कारण असेल का. दुसरा, भेटायला आलेल्यांनी सुचवलेले प्रतिकारशक्ती वाढवणारे औषध सुरू करावे का. पहिल्याचे उत्तर समजले की दुसऱ्याचे आपोआप मिळते, म्हणून आधी पहिले घेते.

मेंदूतील रोहिणीत गुठळी अडकली की तिच्या पलीकडच्या पेशींना प्राणवायू मिळत नाही. मोठी रोहिणी बंद झाली असेल, तर उपचार होईपर्यंत दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला आहे. मरणाऱ्या पेशी फुटतात आणि एरवी पेशीच्या आत राहणारे पदार्थ बाहेर सांडतात. त्यांनाच धोक्याची सूचना मानून मेंदूत कायम पहाऱ्यावर असलेल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी जाग्या होतात, दाह निर्माण करणारी रसायने सोडतात, आणि काही तासांतच रक्तातील पांढऱ्या पेशी त्या भागाकडे येऊ लागतात. त्याच सुमारास रक्त आणि मेंदू यांच्यामधला एरवी अतिशय काटेकोर असणारा पडदा झिरपू लागलेला असतो. त्यामुळे त्या पेशींना वाट मिळते, सूज वाढते आणि वाचण्याजोगा असलेला आजूबाजूचा भागही धोक्यात येतो. बाबांना पहिल्या दोन-तीन दिवसांत जी गुंगी होती आणि ज्या सुजेकडे डॉक्टर वारंवार लक्ष वेधत होते, तिच्यामागे या दाहाचाही वाटा होता.

म्हणजे मेंदूत प्रतिकारयंत्रणा गरजेपेक्षा जास्त चेतलेली होती. उरलेल्या शरीरात मात्र नेमके उलटे घडत होते, आणि हा भाग फारसा कोणी समजावून सांगत नाही. मोठ्या आघातानंतर मेंदू स्वायत्त मज्जासंस्थेमार्फत आणि अधिवृक्क ग्रंथींमार्फत शरीरभर ताणाची रसायने पाठवतो, त्यांत अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही मुख्य. त्यांच्या प्रभावाने रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात, उरलेल्यांची जंतू ओळखण्याची क्षमता मंदावते, आणि काही रुग्णांमध्ये तर प्लीहा, म्हणजे पांढऱ्या पेशींचे पोटातले कोठार, पहिल्या काही दिवसांत आकसलेली सोनोग्राफीत दिसते. बर्लिनच्या संशोधकांनी २००३ मध्ये उंदरांवरील प्रयोगात दाखवले, की पक्षाघातानंतर तीन दिवसांच्या आत उंदरांना आपोआप न्युमोनिया आणि रक्तातील जंतुसंसर्ग होतो, पण अॅड्रेनॅलिनचा परिणाम रोखणारे, एरवी रक्तदाबावरही दिले जाणारे बीटा-ब्लॉकर औषध वेळेत दिले तर तो टळतो. माणसांमध्ये त्या औषधाचा असा उपयोग सिद्ध झालेला नाही, तेव्हा बाबांनी आपल्या रक्तदाबाच्या गोळीकडे त्या आशेने पाहू नये. पण छातीतला जंतुसंसर्ग हा मेंदूच्या आजाराचाच पुढचा भाग असू शकतो, हे त्या प्रयोगाने स्पष्ट केले.

शरीर असे बंदोबस्त सैल का करते? एक तर्क मला पटतो. जखमी मेंदूतले पदार्थ रक्तात मिसळल्यावर प्रतिकारयंत्रणेने आपल्याच मेंदूविरुद्ध उठू नये, म्हणून तिला काही काळ आवरले जात असावे, आणि त्याची किंमत फुप्फुसे मोजतात.

त्यातच गिळण्याची अडचण येते. पक्षाघाताच्या सुरुवातीच्या दिवसांत जवळजवळ निम्म्या रुग्णांचे गिळणे बिघडलेले असते, आणि खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रियाही मंद असल्यामुळे लाळ ठसका न लागताही श्वासनलिकेत उतरते. निरोगी माणसाच्या फुप्फुसात झोपेत थोडी लाळ गेली तरी पांढऱ्या पेशी ती निस्तरतात. बाबांच्या बाबतीत लाळही जास्त उतरली आणि निस्तरणारे हातही कमी होते. पक्षाघाताच्या रुग्णांपैकी साधारण ३० टक्के रुग्णांना सुरुवातीच्या काळात कोणता ना कोणता जंतुसंसर्ग होतो आणि त्यांत न्युमोनिया व लघवीचा संसर्ग हे प्रमुख असतात. तेव्हा आई, उघड्या खिडकीचा विचार तू मनातून काढून टाक. न्युमोनिया गार वाऱ्याने झालेला नाही, आणि खिडकी घट्ट लावून तू रात्रभर जागी राहिली असतीस तरी तो टळला नसता.

मग धोका माहीत असताना प्रतिजैविके पहिल्या दिवसापासूनच का दिली नाहीत, असे दादाने विचारले होते. प्रश्न रास्त आहे आणि डॉक्टरांनीही तो स्वतःला विचारला होता. नेदरलँड्समध्ये अडीच हजारांहून अधिक रुग्णांवर आणि ब्रिटनमध्ये गिळण्याची अडचण असलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांवर याच हेतूने चाचण्या झाल्या, आणि दोन्हींचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. नेदरलँड्समध्ये लघवीचे संसर्ग कमी झाले, पण दोन्ही ठिकाणी न्युमोनिया कमी झाला नाही आणि रुग्ण अधिक चांगले बरेही झाले नाहीत. उलट्या बाजूने, मेंदूत शिरणाऱ्या पांढऱ्या पेशींना अडवण्याचाही प्रयत्न झाला होता. एन्लिमोमॅब या प्रतिपिंडाची चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ते औषध मिळालेल्या रुग्णांची अवस्था न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली आणि ताप व संसर्गही त्यांच्यातच अधिक आढळले.

याउलट जे उपयोगी पडले ते दिसायला अगदी साधे आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स प्रांतातील १९ पक्षाघात विभागांत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही विभागांतील परिचारिकांनी तीनच गोष्टी काटेकोरपणे सांभाळल्या: ताप, रक्तातील साखर आणि गिळण्याची तपासणी. नव्वद दिवसांनंतर मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण इतर विभागांतील ५८ टक्क्यांऐवजी तिथे ४२ टक्के होते. एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक पाडला असता तर त्याचा केवढा गाजावाजा झाला असता! बाबांना पाण्याचा घोटही न देता आधी गिळण्याची चाचणी घेतली, तेव्हा आपल्या सगळ्यांना ते निष्ठुर वाटले होते. खरे तर त्या दिवशीचा तो एक महत्त्वाचा उपचार होता.

आता घरी आल्यावर प्रतिकारयंत्रणेचे काम बदलले आहे. पडलेल्या घराचा राडारोडा उचलल्याशिवाय नवी भिंत उभी करता येत नाही, तसे मृत पेशींचे अवशेष उचलण्याचे काम त्याच मायक्रोग्लिया आणि रक्तातून आलेल्या भक्षक पेशी करतात, आणि दुरुस्तीला पोषक अशी द्रव्येही सोडतात. सुरुवातीला हानी करणारे एक विकर (एन्झाइम), ज्याला एमएमपी-९ म्हणतात, तेच नंतरच्या आठवड्यांत नव्या रक्तवाहिन्या जुळण्यास मदत करते, असे प्राण्यांमध्ये दिसले आहे. म्हणून बाबा, हाताची हालचाल हळूहळू येते आहे याचा अर्थ काही घडत नाही असा घेऊ नका. दुपारी अंगातले बळच जाते असे तुम्ही म्हणता, तो आळस नव्हे. पक्षाघातानंतर सुमारे निम्म्या रुग्णांना असा थकवा जाणवतो. व्यायाम सोडू नका, पण तो दिवसभरात थोडा थोडा वाटून करा. एक तृतीयांश रुग्णांना नैराश्यही येते. मन सतत उदास राहू लागले तर तेही गिळण्याच्या त्रासाइतक्याच सहजतेने डॉक्टरांना सांगा.

यावरून त्या औषधाविषयी माझे मत तुमच्या लक्षात आले असेल. एकाच माणसाच्या एकाच आठवड्यात प्रतिकारशक्ती एका ठिकाणी जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी कमी होती, आणि जी पेशी आधी नुकसान करत होती तीच आता दुरुस्ती करते आहे. अशा यंत्रणेला सरसकट वाढवणार म्हणजे नक्की काय वाढवणार? शिवाय बाबांच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीशी अशा मिश्रणातील एखाद्या घटकाचे जमले नाही, तर रक्तस्रावाचा धोका आहे. आणणाऱ्यांचे मन दुखवायचे नसेल तर डब्बा ठेवून घ्या, पण उघडू नका. प्रतिकारशक्तीला खरोखर नेमके शिकवणारी गोष्ट म्हणजे लस. ब्रिटनमधील नोंदींवरून २००४ मध्ये दिसून आले, की श्वसनमार्गाच्या संसर्गानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत पक्षाघाताचा धोका एरवीच्या सुमारे तिप्पट होतो. म्हणून इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी आणि न्युमोकॉकसची लस डॉक्टर सांगतील तेव्हा, तुम्ही दोघांनीही घ्यावी.

आई, बाबांचे दात आणि जीभ सकाळी व रात्री नीट स्वच्छ होतात का, याकडे तू लक्ष दे, कारण फुप्फुसात उतरणारे जंतू बहुधा तोंडातलेच असतात. जेवताना त्यांना ताठ बसव, लगेच आडवे होऊ देऊ नकोस, आणि पेय किती घट्ट असावे हे गिळण्याच्या थेरपिस्टने सांगितल्याखेरीज बदलू नकोस. जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा येऊ लागला तर थेरपिस्टला कळव. वयस्कर माणसाला संसर्गात ताप येतोच असे नाही. श्वास जलद होणे, एकाएकी गोंधळणे किंवा खूप झोपाळू होणे एवढीच खूण असू शकते. आणि सुधारलेला हात पुन्हा अचानक लुळा वाटला, तर संसर्गामुळे जुनी कमजोरी तात्पुरती उघडी पडली आहे की नवा झटका आला आहे, हे घरी बसून ओळखता येत नाही. अशा वेळी मला फोन करण्याच्या आधी रुग्णवाहिका बोलवा आणि लक्षण कितीला सुरू झाले ती वेळ लिहून ठेवा, कारण गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनसाठी साधारण साडेचार तासांची मुदत असते आणि रुग्णालयात सर्वांत आधी तीच वेळ विचारतील.

तुमची लेक