रेवती फ्रेंच नाटकातली नव्हे

संपादक महोदय,

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ नाटकाच्या बडोद्यात नुकत्याच झालेल्या प्रयोगाचे परीक्षण आपल्या अंकात वाचले. परीक्षण रसिकतेने लिहिलेले आहे. मात्र ‘मोलिअरच्या प्रहसनाचे रूपांतर’ एवढे सांगून नाटकाचा इतिहास थेट १९१६ पासून सुरू केल्याने देवलांच्या पदरी पडायला हवे ते श्रेय निसटते.

फ्रेंच नाटककार मोलिअरचे ‘स्गानारेल’ १६६० मध्ये पॅरिसला रंगभूमीवर आले. त्या एकांकी प्रहसनात नायकाची भूमिका मोलिअर स्वतःच करीत असे. आर्थर मर्फीने १७६१ मध्ये त्याचे इंग्रजी पाच अंक केले आणि या इंग्रजी नाटकावरून गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ च्या सुमारास ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. पदांची जोड त्याला पुढे मिळाली. जून १९१६ मध्ये देवल वारले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणले, तेव्हा बालगंधर्व नायिका रेवती आणि गणपतराव बोडस संशयी नवरा फाल्गुनराव झाले होते. म्हणजे आज ज्याला आपण संगीत नाटक म्हणून ओळखतो, ते त्याआधी वीसेक वर्षे निव्वळ संवादांवर उभे होते.

घेरी येऊन पडलेली तरुणी, तिला सावरणारा परका गृहस्थ, ते खिडकीतून पाहणारी त्याची बायको आणि हातोहात फिरणारी तसबीर, ही सारी कळसूत्रे मूळचीच आहेत. पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे देण्याची गंमत देवलांची. पण त्यांची खरी करामत रेवतीत आहे. मोलिअरची सेली ही खाऊनपिऊन सुखी घरातली मुलगी, बापाने दुसरे स्थळ ठरवले एवढेच तिचे दुःख. रेवती मघा नायकिणीच्या घरची असून तिला लग्न करून संसार करायचा आहे. तिचा प्रियकर अश्विनशेट याचा संशय फाल्गुनरावाच्या संशयाइतकाच हास्यास्पद असला, तरी तो टिकला तर फाल्गुनरावाची बायको कृत्तिका हिचे घर शाबूत राहील आणि रेवतीला मात्र दुसरी वाट उरणार नाही. म्हाताऱ्याशी लग्न लावल्या जाणाऱ्या मुलीवर ‘शारदा’ लिहिणाऱ्या नाटककाराला हे केवळ योगायोगाने सुचले असेल असे मला तरी वाटत नाही.

म्हणूनच वेळ आवरण्यासाठी हौशी मंडळी रेवती आणि मघा यांच्या प्रवेशांना पहिली कात्री लावतात, ते खटकते. फाल्गुनराव आणि त्याचा नोकर भादव्या यांना हशा हमखास मिळतोच. त्यांची चार वाक्ये कमी झाल्याने काही बिघडत नाही. गंधर्व मंडळीला एकेकाळी राजाश्रय देणाऱ्या या शहरात मूळ गद्य ‘फाल्गुनराव’चे निदान अभिवाचन व्हावे, आणि विद्यापीठाच्या नाट्यविभागाने ते मनावर घ्यावे, अशी विनंती आपल्या पत्रातून करीत आहे.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक
दांडिया बाजार, बडोदे