अजून 3 वर्षं

ती. आई-बाबांस सा. न.

इंग्लंडमधली रेडिंगची, पावसाच्या संशोधनाची नोकरी मी घेतली. सहीसुद्धा झाली, म्हणजे आणखी 3 वर्षं इथंच. फोनवर सांगितलं असतं तर आई नुसतं "बरं" म्हणाली असती, आणि ते "बरं" मला पेललं नसतं. पुण्यात पाषाणला आयआयटीएम, म्हणजे मान्सूनवर संशोधन करणारी आपली संस्था, असताना इंग्लंड कशाला, असं बाबा विचारणारच. तिथलं दार बंद केलेलं नाही, उलट हे काम घेऊन तिथंच यायचा विचार आहे.

बाबा, "पडून गेलेल्या पावसाचं काय घेऊन बसलीस" म्हणता, पण ऐका तरी. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडलीत, त्या वर्षी एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलं होतं. एका वर्षाचा दोष प्रशांत महासागरावर ढकलता येतो. पण 1950 नंतर मध्य भारतातला पाऊस अर्धशतकभर घटत गेला, त्याचं काय? हवा तापली की बाष्प वाढतं, मग पाऊस वाढायला हवा होता. खरं आभाळ काही पुन्हा चालवता येत नाही, मॉडेल येतं, म्हणजे कॉम्प्युटरमधलं गणिती आभाळ. तीच वर्षं पुन्हा चालवायची: एकदा फक्त हरितगृह वायू वाढवून, एकदा फक्त धूर आणि सल्फेटचे कण. प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये हे केलं, तेव्हा पाऊस घटला तो धुराच्या रनमध्ये. धूर ऊन अडवतो, उत्तर गोलार्ध हवा तसा तापत नाही, वाऱ्यांचा जोर उतरतो. पुण्याच्या रॉक्सी कोल यांच्या गटानं 2015 मध्ये तापत्या हिंदी महासागराकडे बोट दाखवलं. कुणाचा वाटा किती, इथं माझं काम सुरू होतं.

मॉडेलवर आंधळा विश्वास नाही हं माझा. शंभर किलोमीटरच्या चौकटीत महाबळेश्वर आणि आपलं कोरेगाव एकाच घरात बसतात, दोघांना सारखाच पाऊस! सह्याद्री तर पार सपाट. बाबा, हसलात ना?

खोली उबदार आहे, ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी थापते (चिरते, पण खाते). आई, वीज कडाडली की अजून तुझा पदर शोधते गं.

आता मुकाट्यानं ऐकायचं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीआधी, पैसे पाठवलेत. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. आणि रात्रीची लाइट आली तरी मोटर चालू करायला विहिरीवर एकट्यानं जायचं नाही, दादाला उठवा. तो कुरकुरेल, कुरकुरू दे. मे महिन्यात मी येतेय, तिकीट काढलंय.

तुमची,
ताई