चि. मनीषास

फैजपूर,
मंगळवार, दुपार

चि. मनीषास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री फोनवर मी म्हणालो की सहा दिवसांच्या जिवाच्या नसेत नळी कसली घालता, त्याला थोडे अंग धरू द्या. आणि तू एक शब्दही न बोलता फोन ठेवलास. डोळ्याचे ऑपरेशन ताजे असल्यामुळे मला प्रवास मना आहे, म्हणून हे पत्र आईच्या पिशवीत डिंकाच्या लाडवांच्या डब्याखाली ठेवतो. ती रात्री भुसावळहून गाडीत बसेल.

सकाळी जावईबापूंनी मला अर्धा तास सगळे समजावून सांगितले. फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमनीच्या तोंडाशी जी झडप असते, तिच्या पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या आहेत; त्यामुळे अशुद्ध रक्त पुढे जाऊ न शकल्याने वरच्या दोन कप्प्यांमधल्या फटीतून डावीकडे वळते आणि अंगभर फिरते. गर्भात असताना उघडी असणारी एक वाहिनी जन्मानंतर आपोआप मिटते. ती प्रोस्टाग्लँडिनच्या सलाईनवर उघडी ठेवली आहे, म्हणून फुप्फुसाला रक्त मिळते आहे. म्हणजे मी जो वेळ मागत होतो, तो त्याच्यापाशी नाहीच. शाळेत इतकी वर्षे हृदयाची आकृती फळ्यावर काढूनही मी असे बोललो, याची मला लाज वाटते.

त्याची नखे कशी आहेत, हे विचारायचे नाही असे मी ठरवले आहे.

बाळू झाला तो 1984 सालचा श्रावण होता आणि घरात कानबाईच्या रोटांची तयारी चालू होती. रडला की त्याची नखे जांभळी पडत. डॉक्टर म्हणाले, थोडे अंग धरू द्या, मग मुंबईला दाखवू. आणि आम्ही थांबलो. त्याला नेमके काय होते, हे शेवटपर्यंत तपासले गेले नाही. बाल्टिमोरच्या डॉ. जीन कॅन यांनी छाती न उघडता, नळीच्या टोकाशी असलेल्या फुग्याने आठ वर्षांच्या एका मुलीची अशीच झडप मोकळी केल्याचे 1982 मध्ये प्रसिद्ध झाले होते, असे जावईबापूंनी सांगितले. बाळूच्या आधी दोन वर्षे. फैजपुरात तेव्हा हे कोणाला ठाऊक असणे शक्य नव्हते, हे मला कळते. तरीही सकाळपासून तो हिशेब डोक्यातून जात नाही. काल मी तुला जे म्हणालो, ते माझे वाक्य नव्हतेच, मनीषा. ते त्या डॉक्टरांचे होते.

उद्या मांडीच्या शिरेतून नळी जाईल आणि फुगा काही सेकंदच फुगवतील. नंतर तो पाय गरम आहे ना, त्याचा रंग बदलत नाही ना, हे नर्सबाईंना विचारत राहा. ताठरलेला उजवा कप्पा सैल पडायला वेळ लागतो, म्हणून ऑक्सिजनचा आकडा लगेच वर आला नाही तर घाबरून जाऊ नकोस. झडप थोडी गळू शकते, पुन्हा अरुंदही होऊ शकते. तेव्हा बाळ गुटगुटीत दिसू लागले तरी एकही इको चुकवायचा नाही, आणि घरातल्या कोणी "आता कशाला" म्हटले, अगदी मी म्हटले, तरी ऐकायचे नाही. बघ, पुन्हा मास्तरकी सुरू झाली. तू स्वतः बाळंतीण आहेस. लाडू खा, जमेल तेवढी पाठ टेक.

दूध ओढताना तो दमतो आणि त्याला घाम येतो, हे आधी तुझ्या लक्षात आले. सगळे म्हणत होते की लहान मुलांचे असेच असते, तरी टाके ओले असताना तू डॉक्टरांना तपासायला लावलेस. आम्हाला हे जमले नव्हते. ते तुला कसे जमले, याचे मला फार नवल वाटते आणि मी ते आज शेजारच्या दोघातिघांना सांगूनही आलो.

संमतीच्या कागदावर निश्चिंतपणे सही कर. उद्या दुपारी मी फोनजवळच बसेन. नखांचे विचारणार नाही. पण तू होऊन सांगितलेस, तर आधी तेच सांग.

तुझे,
आप्पा