हॉलचा एसी बदलण्याआधी गच्चीवरचा डक्ट बघा

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, राजारामपुरी, कोल्हापूर

विषय : हॉलच्या एसीच्या डक्टला इन्सुलेशन करण्याबाबत

स. न. वि. वि.

हॉल गार होत नाही म्हणून येत्या सभेत त्याचा ८ टनांचा एसी काढून ११ टनांचा बसवण्याचा ठराव आहे. माझा त्याला विरोध आहे. मशीन धडधाकट आहे. दुखणे गच्चीवरून उघड्या जाणाऱ्या १५ मीटर डक्टचे, म्हणजे मशीनची गार हवा हॉलपर्यंत नेणाऱ्या पत्र्याच्या चौकोनी नळीचे आहे. त्यावरचे ग्लासवूल (उष्णता अडवणारे काचतंतूंचे आवरण) गेल्या पावसाळ्यात भिजून लोंबायला लागले म्हणून काढले, ते परत बसवायचे कुणाच्या ध्यानातच राहिले नाही.

परवाच्या साखरपुड्याला भर दुपारी वॉचमनकाकांना घेऊन वर गेलो. मशीनमधून निघणारी हवा १४ अंश होती, हॉलमधल्या पहिल्या जाळीशी १८. थर्मामीटर दोन्हीकडे तोच. बाहेर ३८ होते आणि आत गार हवा वाहत असूनही डक्टचा वरचा पत्रा उन्हाने हाताला गरम लागत होता.

हे ४ अंश हिशेबातही बसतात. डक्ट ६०० बाय ४०० मिलिमीटरचा, म्हणजे उघडा पत्रा ३० चौरस मीटर. अशा पत्र्यातून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे ७ वॅटच्या आसपास उष्णता आत जाते. आतली हवा सरासरी १६ धरली तर फरक २२ अंशांचा; गुणाकार केला की साडेचार किलोवॅट. वरच्या बाजूवर पडणाऱ्या उन्हाचे आणखी तीनेक किलोवॅट. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. ८ टनांतले दोन टन गच्चीवरच संपतात, आणि खाली पाहुणे पत्रिकेने वारा घेत बसतात!

ठेकेदाराने जाड गेजचा पत्राही सुचवला आहे. त्याने काही होणार नाही. पत्रा उष्णतेला जवळपास अडवतच नाही. जो काही अडथळा होतो तो त्याला आतून-बाहेरून चिकटलेल्या हवेच्या पातळ थरांचा. उलट २५ मिलिमीटर जाडीचे नायट्राइल रबर (उष्णता अडवणारे फोमसारखे रबर) गुंडाळले तर ७ चा आकडा सव्वाच्या आसपास येतो. वरून चकचकीत ॲल्युमिनियमचे आवरण असले की उन्हाचाही बराचसा भार जातो. मोठे मशीन घेतले तर मात्र आत शिरणारी उष्णता तशीच राहणार, जुन्याच डक्टमधून जास्त हवा रेटल्याने आवाज वाढणार, आणि महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यायची वेळ येऊ शकते ते वेगळेच.

सांध्यांकडेही बघावे लागेल. फ्लँजच्या (डक्टचे तुकडे जोडणाऱ्या कडांच्या) फटींतून गार हवा बाहेर जाते, ती वरच्या हिशेबात धरलेली नाही. आधी फटी सीलंटने बुजवाव्यात, मग रबर, आणि रबराच्या जोडांवर सलग टेप. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत टेप कुठे सुटली की ती हवा गार पत्र्यापर्यंत पोचते आणि पाणी सुटते. जिन्याजवळच्या फॉल्स सीलिंगवरचे पिवळे डाग त्याचेच असावेत असा माझा अंदाज आहे. त्यासाठी वरच्या मजल्यावरच्या बाथरूमला उगाच दोष दिला गेला.

तरी मशीनचा ठराव तूर्त बाजूला ठेवून इन्सुलेशनची दोन-तीन कोटेशने मागवावीत. त्यांत रबराची जाडी, टेप आणि वरचे आवरण स्पष्ट लिहून घ्यावे. उद्यमनगरातल्या पत्राकाम करणाऱ्यांनाही विचारावे. काम मृगाच्या आत व्हायला हवे. झाल्यावर दोन्ही टोकांचे तापमान मी पुन्हा मोजून कमिटीला देईन. तेव्हाही हॉल गार होत नसेल तर ११ टनांसाठी पहिला हात माझा वर असेल.

कळावे,
आपला,
बी विंगमधील एक सभासद