भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिलेल्या मुलाला

प्रिय बाळा,

तुझं नाव मला ठाऊक आहे, पण तुला न विचारता ते चारचौघांत कशाला लिहू? कोल्हापूरच्या राजारामपुरीत जिना चढून वर, झेरॉक्स आणि टायपिंगच्या छोट्या दुकानात तू बसतोस, एवढ्यानं तुला कळेल.

त्या दिवशी तुझे धड आभारही मानले नाहीत. पैसे ठेवले आणि जिना उतरले. खाली रिक्षाला हात करायचंही सुधरत नव्हतं, इतकं भरून आलं होतं. म्हणून आज लिहितेय.

ह्यांच्या आजाराचं नाव मी इथंही लिहिणार नाही. ह्यांनी ते सख्ख्या भावालासुद्धा सांगितलेलं नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलं, अर्धी मंगळवार पेठ ओळखते. लोक बघायला येणार, चहा घेणार आणि बाहेर पडल्यावर कुजबुजणार, ते त्यांना नको आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी सगळं पाठवा म्हणून सांगितलं आणि माझी फरफट सुरू झाली. एमआरआयची सीडी, पण घरच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. जिथं सीडी मिळाली तिथं विचारलं, तर "मेलनं जात नाही, तुमचं तुम्ही बघा." मेलला 25 एमबीची मर्यादा आणि सीडीत 600 च्या आसपास.

तुझ्याआधी मी आणखी एका दुकानात गेले होते. तिथल्या माणसानं रिपोर्ट हातात घेतला आणि वरचं आजाराचं नाव मोठ्यानं वाचलं. मागं चारजण उभे होते. मग ह्यांच्या नावाचा फोल्डर त्यानं स्क्रीनवरच ठेवला, कुणाकुणाची आधार कार्डं, रेशन कार्डं, लग्नाचे बायोडाटे पडले होते त्यांच्या शेजारी. काम तर झालंच नाही. निघताना म्हटलं, आमचं तेवढं पुसून टाका. तर म्हणाला, "कोण बघतंय काकू?"

कोण बघतंय! रात्रभर ते शब्द डोक्यात घुमत होते.

तुझ्याकडं आले तेव्हा मी ती सीडी पदराखाली धरून बसले होते. तू सीडी घातलीस, मोबाइलवर स्कॅन केलेले कागद सोबत घेतलेस, आणि एकदाही काही मोठ्यानं वाचलं नाहीस. सीडीवरची चित्रं दाबून निम्म्याहून कमी जागेत बसली, मोबाइलवर काढलेले कागदांचे फोटो मात्र होते तेवढेच राहिले. तू म्हणालास, जेपीजी आधीच दाबलेलं असतं काकू, ओला टॉवेल एकदा पिळल्यावर परत किती पिळणार? मग माउस थांबवून हळू आवाजात म्हणालास, "फायलींची नावं पण झाकूया."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. भाच्यानं प्रत्येक फाइलला आजाराचंच नाव दिलं होतं. साध्या झिपला, म्हणजे फायली दाबून बांधलेल्या गाठोड्याला, पासवर्ड घातला तरी आतल्या फायलींची नावं कुणालाही दिसतात, हे मला कुठं माहीत? कुलूप लावलेल्या कपाटाला काचेचं दार असावं तसं. तू सेव्हन-झिप नावाच्या प्रोग्रॅममध्ये ती नावं झाकायची खूणही केलीस. म्हणजे तू ते नाव वाचलं होतंस. तोंडावर मात्र काही आणलं नाहीस.

आणि मग ते, ज्यासाठी हे पत्र. पासवर्ड टाकायची वेळ आली, तशी तू स्वतःची खुर्ची मला दिलीस. "तुम्ही टाका की, मी तिकडं बघतो." आणि खरंच भिंतीकडं तोंड करून उभा राहिलास. समोर नुसतं कॅलेंडर होतं. मला टायपिंग येत नाही, एकेक अक्षर शोधत होते, दोनदा चुकलं. बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. तू घाई केली नाहीस, मान वळवली नाहीस. माझं "झालं" ऐकल्यावरच वळलास आणि म्हणालास, "हा विसरू नका हं, विसरलात तर मला पण उघडता यायचं नाही." ते ऐकून मला केवढं हलकं वाटलं!

पुढचं सगळं तू केलंस. फाइल इंटरनेटवर चढवून तिची लिंक फक्त डॉक्टरांच्या मेलला, पासवर्ड मी फोनवरून सांगायचा. कुलूप आणि किल्ली एका पिशवीतनं पाठवायची नाही, म्हणालास. आणि माझ्यासमोर तुझ्या मशीनवरचं सगळं काढून टाकलंस, मी न सांगता.

2019 च्या महापुरात माझ्या बहिणीचं शाहूपुरीतलं घर पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर कुठकुठली अनोळखी पोरं चिखल काढायला आली. कपाटातले कागद त्यांनी गच्चीवर वाळत घातले, खरेदीखतं, पत्रं, जुन्या डायऱ्या. पान पान सुटं करताना एकानंही काही वाचलं नाही, बहीण अजून सांगते. तुला त्या दिवशी बघितलं आणि तीच पोरं आठवली. भाचा म्हणतो, ते सेव्हन-झिपही इगोर पावलोव्ह नावाच्या एका रशियन माणसानं 1999 पासून लोकांना फुकट दिलंय. त्या माणसाला मी कधी बघणारही नाही, पण ह्यांची अब्रू त्याच्या कुलपात सुरक्षित मुंबईला गेली. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभावतं रे.

घरी आले तेव्हा हे जागेच होते. पहिला प्रश्न, "कुणाकुणाला कळलं?" आधीच्या दुकानातनं आले तेव्हा मी खोटं बोलले होते. या वेळी खरं सांगितलं. "एका पोराला कळलं असेल. तो भिंतीकडं तोंड करून उभा होता." हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला भेटायचंय त्याला."

डॉक्टरांनी सगळं बघितलंय, औषध बदललंय, थोडा उतार आहे. रविवारनंतर ह्यांना घेऊन येते. जिना चढवत नाही त्यांना, फोन केला की तेवढं खाली ये.

तुझी,
पदराखाली सीडी घेऊन आलेली काकू