बदलीचा अर्ज मी भरला नाही

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र आधी मनात वाचा आणि मग आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका. तुम्ही गाळता तेव्हा आईला आवाजावरून कळतं, आणि मग ती मला फोन करून विचारते की काय होतं त्यात.

सांगायचं ते आधीच सांगते. साताऱ्यातनं तुमच्या सांगली जिल्ह्यातल्या शाळेत यायचं तर आंतरजिल्हा बदलीचा अर्ज भरावा लागतो, त्याची मुदत गेल्या आठवड्यात संपली. मी भरला नाही. पोर्टल चालू होतं, कागद तयार होते, विसरलेही नव्हते. फोनवर सांगणार होते, पण आईनं 'असू दे' म्हणून फोन तुमच्याकडं दिला असता आणि तुम्ही तिकडं पाऊस किती म्हणून विचारलं असतं. माझं सगळं तोंडातच राहिलं असतं. म्हणून लिहायला बसले.

कारणं हवी तेवढी आहेत. दुसऱ्या जिल्ह्यात गेलं की सेवाज्येष्ठता जाते, यादीत सगळ्यांच्या खाली जाऊन बसायचं. ह्यांची नोकरी साताऱ्याच्या एमआयडीसीत, ती काही उचलून आणता येत नाही. छकुलीची शाळा आत्ता कुठं सुरळीत लागली आहे. आणि सांगली जिल्हा मिळाला म्हणजे तासगावच मिळेल असं कुठं आहे? जतच्या पार टोकाला, कर्नाटकच्या हद्दीवर शाळा मिळाली असती तर तिथनं तुमच्याकडं यायला साताऱ्याहून येण्याइतकाच वेळ लागला असता. त्यापेक्षा इथनं रेल्वेनं किर्लोस्करवाडीला उतरलं की पुढं घर किती लांब आहे? हे सगळं खरं आहे. आत्याला हेच सांगा, तिला पटेल.

पण तुम्हाला एवढ्यावर भागवणं बरं दिसत नाही.

मागं एकदा शाळा सुटल्यावर फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. स्कूटी दुरुस्तीला टाकली होती. (घाटात पडले वगैरे नाही, ब्रेकचं काम होतं.) शेजारी माझ्या तिसरीतलं एक पोरगं आजीबरोबर उभं होतं. आजीला दवाखान्यात जायचं होतं. म्हातारी गाडी ओळखते ती ड्रायव्हरच्या तोंडावरून, नाहीतर कंडक्टरला विचारून. गाडी धुक्यातनं पुढं आली तसं हे पोरगं पुढं झालं आणि पाटी वाचायला लागलं. सातारा वाचलं. मग 'मागे कास' म्हणालं. थांबलं. मान वर करून परत बघितलं आणि म्हणालं, "बाई, वरचा र ऱ्हायला." आणि सावकाश म्हणालं, "मार्गे कास." आजीला म्हणालं, "हीच हाय, चढ." म्हातारी चढली. कंडक्टरला तिनं काही विचारलं नाही.

या पोराला जूनमध्ये जोडाक्षर दिसलं की ते पुस्तकच मिटायचं.

मला एवढंच करायचं आहे. माझ्या शाळेतनं चौथी होऊन बाहेर पडणाऱ्या पोराला एसटीची पाटी, औषधाची चिठ्ठी, सातबारावरचं स्वतःचं नाव अडखळता का होईना वाचता आलं पाहिजे. अधिकारी झालं तर आनंदच आहे, पण ते पुढचं पुढं. शाळेचा पट एकोणीस. वीसच्या आतल्या शाळांचं काय करायचं याची चर्चा वरती सारखी चालू असते. मी निघून गेले तर माझ्या जागी कोण येणार, कधी येणार, हे कुणी सांगू शकत नाही. तोवर पहिली ते चौथी सगळी एकाच सरांच्या गळ्यात.

आई, तुला आठवतं का, लाइटबिल घेऊन तू उंबऱ्यात बसायचीस? मी शाळेतनं आले की दप्तर काढायच्या आधी ते माझ्या हातात यायचं. आकडा तुला कळायचा, बाजाराच्या हिशेबात तुला कधी कुणी फसवू शकलं नाही. तुला ऐकायचं असायचं ते खालचं बारीक अक्षर. मी ठसक्यात वाचायचे, निम्मं मलाही कळायचं नाही, आणि तू पदरानं माझं तोंड पुसून गूळ-शेंगदाणे हातावर ठेवायचीस. त्या गुळाची चव अजून जिभेवर आहे. आणि त्या औषधाच्या बाटलीचं मी काढत नाही. तुम्हा दोघांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. मी शिक्षिका व्हायचं ठरवलं ते डी.एड.चा फॉर्म भरताना नाही, त्या रात्री मिरजेच्या दवाखान्यात बाकड्यावर बसून.

बाबा, गाळलं नाही ना?

तुम्ही म्हणाल, एवढं ठरलेलं आहे तर मग फोनवर रडतेस कशाला? कारण ठरलेलं असलं तरी दिवस आपल्या हातात राहत नाही. सकाळी शाळेत पाऊल टाकायच्या आधी ग्रुपवर 'तात्काळ' आलेलं असतं, दुपारी 'अतितात्काळ' येतं. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, यूडायसची (शाळेच्या सरकारी नोंदीची) माहिती, मतदारयादीचं काम, झाड लावल्याचा फोटो, तोही अक्षांश-रेखांशासह. आता 2027 ची जनगणना आहे, म्हणजे घरोघर फिरायलाही आम्हीच. गंमत बघा. 2021 मध्ये निपुण भारत आलं, 2026-27 पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं म्हणून. माझ्या मनातलंच सरकारनं बोलून दाखवलं. पण त्याचीही माहिती भरायची असते, आणि ती भरता भरता वाचनाचा तास निघून जातो.

हे झालं सरकारी. माझं स्वतःचं मनही काही कमी नाही. जेवणाच्या सुट्टीत मोबाईल उघडला की रील्समध्ये अर्धा तास कसा जातो कळत नाही. शेजारच्या शाळेतले एक सर शेअर बाजार शिकवतात, त्यांच्या नादानं मीही ॲप घेतलं होतं. मग काढून टाकलं. ह्यांचं वेगळंच. 2012 मध्ये कासचं पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं तेव्हापासून फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी त्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. हे म्हणतात, चार गुंठे घेऊ, खोल्या बांधू, पुण्या-मुंबईचे लोक येतील, तू जेवणाचं बघ. हिशेब मांडून दाखवला की पगारापेक्षा बरा दिसतो. मला मोह झाला नाही असं सांगितलं तर आईच हसेल.

मी काय करते सांगू? परिपाठ झाला की फोन खडूच्या कपाटात, किल्ली पर्समध्ये. पहिला तास वाचनाचा. एकेक पोर जवळ घेऊन, त्याचं बोट ओळीखाली धरून वाचून घ्यायचं. त्या तासात साहेबांचा फोन आला तरी वाजू दे. एकदा बोलणी खाल्ली, परत खाईन. बाकीचं काम होतं, पण कसंतरी. माझी रजिस्टरं तुम्ही बघितली तर, बाबा, तुमच्यासारख्या मोत्यासारखं अक्षर काढणाऱ्या माणसाला लाज वाटेल. पण कुठलं काम कसंबसं उरकलं तरी चालतं आणि कुठलं उरकून चालत नाही, एवढं मला आता कळतं. लक्ष विचलित करणारं काही बंद होत नाही. ते येतच राहतं.

आणि तुम्हाला हे मी काय सांगणार! एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तुम्ही बगलफुटी काढत द्राक्षबागेतनं फिरायचा आणि मी मागं मागं. एवढी हिरवीगार फूट मोडून टाकता म्हणून मला वाईट वाटायचं. तुम्ही म्हणायचा, "चिमे, घड दिसतो ऑक्टोबर छाटणी झाल्यावर, पण काडीत ठरतो तो आत्ता. आत्ता सगळीकडं फुटू दिलं तर काडी बारीक राहील आणि तेव्हा नुसता पाला बघत बसायचं." माझी पहिली ते तिसरीची पोरं त्या मे-जूनमधल्या काड्या आहेत. मला आत्ताच तिथं असायला हवं.

आता अवघड भाग. साताऱ्याला बोर्डिंगात राहून 'कमवा आणि शिका'त तुम्ही शिकलात, त्यामुळं कर्मवीर अण्णांच्या, भाऊराव पाटलांच्या, गोष्टी आमच्या घरात जेवणाबरोबर वाढल्या जायच्या. 1919 साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था, 1924 ला साताऱ्याचं बोर्डिंग, पोरांच्या जेवणाला पैसे नव्हते तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. हे सांगताना तुमचा आवाज दर वेळी जड व्हायचा. आणि आई भाकरी थापता थापता म्हणायची, "मंगळसूत्र त्या माऊलीचं गेलं, नाव अण्णांचं झालं." तुम्ही रागवायचा. आईचं बरोबर होतं असं मला आता वाटायला लागलं आहे. एकानं काही धरून ठेवलं की त्याची किंमत घरातलं दुसरंच कुणीतरी मोजत असतं. माझी शाळा आहे, पण रात्री बाबांची साखर उतरली तर अंधारात उठून चमच्यानं साखर भरवणारी तू आहेस, तुझ्या त्या गुडघ्यांनी. हे मला दिसत नाही असं समजू नका. दिसतं, म्हणूनच एवढं लांबलचक लिहिते आहे.

दादाला काही बोलू नका. तो बेंगळुरूहून जेवढं करता येईल तेवढं करतो, आणि त्याची बाजू तो बोलून दाखवत नाही, एवढंच.

आता मी काय काय लावून दिलं आहे ते ऐका. न्हाणीघरात धरायला दांडी आणि बसायला पाट बसवायला मिस्त्री या आठवड्यात येईल. त्याला परत पाठवू नका, पैसे दिले आहेत. कमोडला "आम्हाला सवय नाही" म्हणायचं नाही, आईचे गुडघे सवयीपेक्षा महत्त्वाचे. सोलरचं पाणी सकाळी कमी तापतं म्हणालात, टाकी साफ करायला सांगितली आहे. गोळ्यांसाठी सात दिवसांचा, सकाळ-दुपार-रात्र असे खण असलेला डबा पाठवते आहे. खणांवर छकुलीनं सूर्य, भाकरी आणि चंद्र काढला आहे, म्हणजे आईला बाबांना विचारावं लागणार नाही. जेवणाआधीच्या गोळीच्या खणाला लाल टिकली आहे. दुपारच्या स्वयंपाकाला शेजारच्या काकू यायला तयार आहेत. आई, त्यांच्या भाजीला नावं ठेवायची नाहीत, निदान पहिला महिना.

बाबा, ऑक्टोबर छाटणीला तुम्ही बांधावर खुर्ची टाकून बसायचं. काड्यांना पेस्ट लावायला गडी लावा. फवारणीच्या दिवशी तर बागेकडं फिरकायचंसुद्धा नाही. गेल्या खेपेला चक्कर आली ती उन्हानं आली म्हणून तुम्ही डॉक्टरांना सांगितलं, मला आईनं खरं सांगितलं आहे. पाऊस लांबला आणि डाऊनी रोग आला तर येऊ दे, औषधं देता येतात. नाहीतर या वर्षी निम्मी बाग वाट्यानं द्या. मला माहीत आहे तुम्ही देणार नाही, पण लिहून ठेवते.

साखर महिन्याला एकदा तपासायची आणि कागदाचा फोटो मला पाठवायचा. 'नॉर्मल आहे' असं सांगितलेलं चालणार नाही, आकडा दिसला पाहिजे. बेदाणे म्हणजे फळच आहे असं म्हणून मूठभर तोंडात टाकणं बंद. आपल्याच रॅकवरचे असले तरी.

ऋषिपंचमीला तासगावच्या रथाला लांबूनच हात जोडा. दोर ओढायला पुढं जाऊ नका. बाप्पा गर्दीत आलेल्यांचं तेवढं ऐकतो आणि बाकीच्यांचं नाही असं काही नसतं.

मी गौरीला येते आहे, छकुलीला घेऊन. आणि पुढंही महिन्यातले दोन शनिवार ठरलेले. शनिवारची शाळा सकाळची असते, सुटली की निघणार, रात्रीच्या जेवणाला तुमच्याबरोबर. यातला एखादा शनिवार एखाद्या बैठकीनं खाल्ला तर आई, तू दारात बसून राहायचं नाहीस, जेवून घ्यायचं. मे महिन्यात तुम्ही दोघं इकडं या. इथं हवा थंड असते, आणि आमच्या पोरांना बाबांच्या बोर्डिंगच्या गोष्टी ऐकायच्या आहेत. मी बाबांना वर्गात उभं करणार आहे हे आत्ताच सांगून ठेवते. आई, तूही यायचं. भाकरी कशी थापतात ते गवळ्यांच्या पोरींना चांगलं माहीत आहे, पण लक्ष्मीबाईंवरचं तुझं मत त्यांनी तुझ्याच तोंडून ऐकावं.

रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला. तुमच्यासाठी साताऱ्याचे कंदी पेढे घेते आहे, बाबांच्या वाट्याला एक, तोही अर्धा. आईकडं डबा देणार आहे, ती मोजून ठेवेल.

तुमची,
चिमी

ता.क. न्हाणीघराची दांडी भिंतीत पक्की बसली का ते बाबांनी स्वतः लोंबकळून बघायचं नाही. मिस्त्रीला बघायला सांगा.